एका गाण्यात गाडलेले कलावंत

ऐंशीच्या दशकातल्या पाश्चात्त्य पॉप गाण्यांवरून हल्ली जे उमाळे फुटतात, त्यांत मला संगीताचं प्रेम दिसत नाही. दिसतो तो कानांचा आळस. पुण्या-मुंबईतल्या पबमध्ये 'रेट्रो नाइट' असते, 'टेक ऑन मी'चे सुरुवातीचे सूर वाजतात, पन्नाशीला आलेला अख्खा घोळका चीत्कारतो आणि गाणं संपता संपता कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतो, 'वन हिट वंडर होते बिचारे!' त्या 'बिचारे'ने माझं डोकं फिरतं. ज्यांचं दुसरं गाणं ऐकायचे कष्ट आपण कधी घेतले नाहीत, त्यांची कीव करणारे आपण कोण?

या बिचाऱ्यांचा हिशेब एकदा मांडूच. आ-हा हे नॉर्वेचे तिघे. 'टेक ऑन मी' १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये सपशेल आपटलं. त्यांनी ते नव्या निर्मात्याबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, पुन्हा बाजारात आणलं आणि पेन्सिलीच्या रेखाटनांतून जिवंत होणाऱ्या त्या व्हिडिओच्या जोरावर १९८५ च्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तिथल्या बहुतेकांची आठवण इथेच थांबते. ब्रिटनमध्ये मात्र हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर अडलं होतं, आणि पहिला क्रमांक मिळाला तो १९८६ च्या जानेवारीत, 'द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही' या पुढच्या गाण्याला. १९८७ मध्ये त्यांनी 'द लिव्हिंग डेलाइट्स' या बाँडपटाचं शीर्षकगीत केलं. १९९१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर त्यांच्यासमोर जवळपास दोन लाख श्रोते होते. यांना आपण एका गाण्याचे धनी म्हणतो!

हा शिक्का मारला अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीने. डेक्सीज मिडनाइट रनर्सचं 'कम ऑन आयलीन' १९८३ मध्ये अमेरिकेत अव्वल ठरलं, आणि तिथे त्यांची तेवढीच ओळख उरली. पण त्याआधी १९८० मध्येच त्यांचं 'जीनो' ब्रिटनमध्ये अव्वल होतं. सॉफ्ट सेलच्या 'टेन्टेड लव्ह'नंतर त्यांची ओळीने चार गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत गेली. ते 'टेन्टेड लव्ह'ही मुळात ग्लोरिया जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी गायिकेने १९६५ मध्ये आणलेलं. तिच्या स्वतःच्या देशाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते जपलं उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांत नाचणाऱ्या तरुणांनी. जी यादी तेव्हा बहिरी होती, तिचाच निकाल आज आपण शिरोधार्य मानतो. अमेरिकेने स्वतःलाच जग समजावं, हा तिचा उद्दामपणा झाला. पण कॅसेट घेताना आपण कधी बिलबोर्ड बघितला होता? मग तिचा तिरस्कार उसना आणून मिरवण्याची आपल्याला काय गरज?

नेना या गायिकेच्या बँडवर झालेला अन्याय तर मला सर्वांत संतापजनक वाटतो. '९९ लुफ्टबालोन्स' हे १९८३ चं गाणं. कार्लो कार्गेस या त्यांच्या गिटारवादकाने पश्चिम बर्लिनमधल्या रोलिंग स्टोन्सच्या मैफलीत आकाशात सोडलेले फुगे पाहिले आणि त्याला प्रश्न पडला, हे भिंतीपलीकडे गेले तर तिकडचे काय समजतील? त्यातून युद्धाचं गाणं झालं. फुग्यांना शत्रू समजून विमानं झेपावतात आणि शेवटी शहरांचा ढिगारा उरतो. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं येत असल्याचा खोटा इशारा दिला. स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून अनर्थ टळला. गाणाऱ्यांनी काही महिने आधीच ओळखलेला तो धोका होता. जर्मन शब्दांतलं हे गाणं १९८४ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आज ते वाढदिवसाच्या पार्टीत रंगीत फुगे उडवायला लावतात. एका पिढीची भीती आपण सजावटीला वापरली, आणि याला आपण आठवण जपणं म्हणतो! नेनाची गाणी जर्मनीत पुढची कित्येक वर्षं गाजत राहिली, याची चौकशी तर कोणी करतच नाही.

बॉबी मॅक्फेरिन यांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने तरी शरम बाळगावी. 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे शब्द त्यांनी एका पोस्टरवर पाहिले, आणि त्या पोस्टरवर चित्र होतं पुण्यात जन्मलेल्या, अहिल्यानगरजवळच्या (पूर्वीचं अहमदनगर) मेहेराबादला समाधिस्थ असलेल्या मेहेरबाबांचं. १९८८ मध्ये हे गाणं अमेरिकेत अव्वल झालं. त्यात एकही वाद्य नाही. सगळे आवाज मॅक्फेरिन यांच्या गळ्यातून आणि शरीरातून निघालेले आहेत. त्याच वर्षी जॉर्ज बुश यांच्या निवडणूक प्रचारात ते वाजवलं गेलं, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला आणि स्वतःच्या कार्यक्रमांतूनही ते गाणं काढून टाकलं. हा माणूस तेव्हाच जाझ गायनासाठी ग्रॅमी मिळवलेला होता. पुढे त्यांनी चेलोवादक यो-यो मा यांच्याबरोबर ध्वनिमुद्रणं केली आणि सिंफनी ऑर्केस्ट्रांचं संचालन केलं. आपल्या गावच्या बाबांचं वाक्य जगभर गेलं म्हणून आपण कॉलर ताठ करतो, पण ते नेणाऱ्या गळ्याने आणखी काय केलं, हे विचारत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'अहो, गाणी करमणुकीची, एवढं काय मनाला लावून घेता? आणि या जुन्या कलाकारांना अशा कार्यक्रमांमुळेच पोट भरता येतं.' पोटाचा मुद्दा खरा आहे. पण त्यांना त्या एका गाण्यापलीकडे काही गाऊच द्यायचं नाही, ही अट कोणी घातली? तुम्ही. नवं गाणं सुरू झालं की बारकडे वळणारे तुम्हीच. करमणुकीचा मुद्दा मात्र साफ खोटा. खरी करमणूक नव्या सुराची भूक वाढवते. तुमची करमणूक तुमच्या स्वतःच्या विशीभोवती फिरते. गाणं तुम्हाला तारुण्याची पावती म्हणून हवं असतं, आणि त्या पावतीवर सही करणाऱ्याचं पुढे काय झालं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं.

ज्यांनी खरोखर एकच लोकप्रिय गाणं दिलं, असेही कलावंत आहेत. त्यांच्याही कीवेचं कारण नाही. चाळीस वर्षांनंतर परक्या देशातली, परक्या भाषेतली माणसं ज्याचं गाणं पाठ म्हणतात, तो हरलेला नसतो. माझी मागणी साधी आहे. ज्याच्या एका गाण्यावर तुम्ही नाचता, त्याची आणखी चार गाणी ऐका. आवडली नाहीत तर तसं बेधडक सांगा, त्या मताचा मी मान राखीन. तेवढी तसदी घ्यायची नसेल, तर नाचा खुशाल, पण कलावंताची लायकी ठरवणारं तोंड बंद ठेवा.