दारावरच्या पाटीचा कायदा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात हवाई राज्याच्या एका कायद्याविरुद्धचे प्रकरण सुनावणीसाठी स्वीकारले. वाद वरकरणी किरकोळ वाटावा असाच आहे. दुकान, उपाहारगृह यांसारख्या खासगी मालकीच्या, पण सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागेत परवानाधारकाला कपड्याआड पिस्तूल घेऊन जायचे असेल, तर मालकाची संमती आधी मिळवली पाहिजे, की मालकाने मनाई केलेली नाही एवढेच पुरेसे आहे? हवाईने २०२३ मध्ये पहिला पर्याय निवडला. टेक्साससारख्या राज्यांनी दुसरा पर्याय फार पूर्वीच स्वीकारला आहे. न्यायालयाचा कौल कोणत्याही बाजूचा असला, तरी मौन म्हणजे होकार की नकार हा त्यामागचा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राज्यांत लग्नाच्या मांडवात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडतो.

टेक्सासने हा प्रश्न ज्या काटेकोरपणे हाताळला, तो पाहण्यासारखा आहे. १९९१ मध्ये किलीन या गावातील एका उपाहारगृहात माथेफिरूने २३ जणांचे बळी घेतले. त्या वेळी सोबत पिस्तूल बाळगण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे आपले शस्त्र गाडीतच राहिले आणि डोळ्यांदेखत आई-वडील मारले गेले, असे सांगणाऱ्या सुझॅना हप पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून आल्या. त्या घटनेने मिळालेल्या जोरावर १९९५ मध्ये कायदा झाला आणि परवानाधारकांना पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. मुभेपाठोपाठ मालमत्ताधारकांचा हक्क आडवा आला. ज्याला आपल्या वास्तूत शस्त्र नको असेल, त्याने ते सांगायचे कसे? दंडसंहितेतील ३०.०६ हे कलम त्याचे उत्तर आहे.

या कलमानुसार मालकाने तोंडी सांगावे किंवा लेखी सूचना द्यावी. फलक लावायचा असेल, तर त्यावरील मजकूर कायद्याने ठरवून दिला आहे. तो इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत हवा, अक्षरे किमान एक इंच उंचीची आणि पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगाची हवीत आणि फलक येणाऱ्याजाणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशा जागी हवा. पिस्तुलाच्या चित्रावर लाल फुली मारलेली छोटी चकती दाराला चिकटवली, तर परवानाधारकाच्या बाबतीत या कलमाखालील फलकाची अट पूर्ण होत नाही. उघडपणे पिस्तूल बाळगण्याची मुभा २०१६ च्या आरंभापासून मिळाली, तेव्हा त्यासाठी ३०.०७ क्रमांकाचा वेगळा फलक आला. फलक डावलून आत शिरणाऱ्याला जास्तीत जास्त २०० डॉलर दंड होतो. तोंडी सांगूनही तो बाहेर पडला नाही, तर गुन्हा गंभीर ठरतो. याउलट, जेथे मनाई करता येत नाही अशा सरकारी जागेवर प्रशासनाने असा फलक लावला, तर पहिल्या उल्लंघनासाठी दिवसाला १००० ते १५०० डॉलर दंड प्रशासनालाच भरावा लागतो. फलक न जुमानणाऱ्या नागरिकापेक्षा चुकीचा फलक लावणाऱ्या सरकारी यंत्रणेला जबर शिक्षा! कायद्याचा कल कोणाकडे आहे, हे यावरून उघड होते.

या काटेकोरपणालाही मर्यादा आहेत. डॅलस शहराच्या मालकीच्या मैदानावर दरवर्षी भरणाऱ्या राज्य जत्रेत २०२३ मध्ये गोळीबार झाला. तेव्हा जत्रा भरवणाऱ्या खासगी संस्थेने २०२४ पासून शस्त्रे आणण्यास मनाई केली आणि राज्याच्या महाधिवक्त्यांनी न्यायालयात धाव घेतली. जागा शहराची, आयोजक खासगी. मग नियम कोणाचा? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐन तोंडावर आलेल्या जत्रेच्या मनाईत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भाडेपट्ट्याने दिलेल्या सार्वजनिक वास्तूंबाबतचा हा पेच भारतातील पालिकांच्या नाट्यगृहांना आणि समाजमंदिरांनाही परका नाही.

न्यूयॉर्कने नेमकी उलटी वाट धरली. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याची जुनी परवाना पद्धत रद्द ठरवल्यावर काही दिवसांतच नवा कायदा संमत झाला. त्यात नाट्यगृहे, क्रीडागारे, मद्यालये यांना संवेदनशील स्थळे ठरवून तेथे शस्त्रबंदी करण्यात आली आणि इतर खासगी जागांत मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज शस्त्र नेता येणार नाही, असे ठरले. २०२३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने नाट्यगृहांवरील बंदी उचलून धरली, मात्र लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागांबाबतचा परवानगीचा नियम अडवला. एकाच देशात, एकाच घटनेखाली, प्रेक्षकाच्या कमरेचे पिस्तूल एका राज्यात मालक गप्प राहिला म्हणून आत जाते आणि दुसऱ्या राज्यात बाहेरच अडवले जाते.

फलकाच्या विरोधात नेहमी पुढे येणारा युक्तिवाद असा, की मारेकरी पाटी वाचून परत फिरत नाही. तो खोटा नाही. कोलोरॅडोतील ऑरोरा येथे २०१२ च्या जुलैमध्ये चित्रपटगृहात १२ जणांचे प्राण घेणाऱ्या माणसाला कोणत्याही पाटीने अडवले नसते. पण पाटी मुळात त्याच्यासाठी नसतेच. फ्लॉरिडातील एका चित्रपटगृहात २०१४ मध्ये मोबाइलवर संदेश पाठवण्यावरून दोन प्रेक्षकांत बाचाबाची झाली आणि त्यातील एकाने दुसऱ्याला गोळी घातली. गोळी घालणारा निवृत्त पोलीस अधिकारी होता. २०२२ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. कायदा पाळणारा, शस्त्राचे शिक्षण घेतलेला माणूसही बंद अंधाऱ्या जागेत, गर्दीत, रागाच्या भरात काय करू शकतो, हे या घटनेने दाखवले. पाटी आहे ती अशांसाठी. ती माणसाच्या सद्‍हेतूबद्दल शंका घेत नाही, प्रसंगाबद्दल घेते.

दिल्लीला हे वेगळे सांगायला नको. १९९९ च्या एप्रिलमध्ये मेहरौलीतील एका उपाहारगृहात मद्य नाकारल्याच्या रागातून जेसिका लालची हत्या झाली. आरोपीकडे परवान्याचे पिस्तूल होते आणि ते पोलिसांच्या हाती कधीच लागले नाही. २००६ च्या फेब्रुवारीत झालेली निर्दोष सुटका, त्यानंतरचा जनक्षोभ, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने दोषी ठरवणे आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब हा सारा इतिहास साक्षीदारांच्या फितुरीसाठी लक्षात राहिला. श्रीमंतांच्या मेजवानीत भरलेले पिस्तूल दारातून आत आलेच कसे, हा साधा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

भारतीय कायद्याची भूमिका अमेरिकेपेक्षा मुळातच निराळी आहे. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. त्याचा दाखला देत हरि विष्णु कामत यांनी १९४८ च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत हा हक्क मूलभूत करण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. उलट, एकोणिसाव्या अनुच्छेदाने सभेचा जो हक्क दिला, तो शांततेने आणि निःशस्त्र एकत्र येण्याचाच आहे. चार माणसे जमणार असतील तर शस्त्र बाहेर, हे तत्त्व आपल्याकडे घटनेच्या पानावर लिहिलेले आहे.

शस्त्रपरवान्याच्या अटींतही हेच तत्त्व उतरले आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्याने खास अनुमती दिल्याखेरीज परवानाधारकाने जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा इतर सार्वजनिक जमावात, तसेच शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र नेऊ नये, असे ती अट सांगते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी नेले जाणारे शस्त्र पूर्णपणे झाकलेले असावे असे बंधन घातले आणि ते उगारण्यास वा झाडण्यास सक्त मनाई केली. शस्त्राचे प्रदर्शन होऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा, की कायदा पाळणाऱ्याचे शस्त्र दारावरच्या माणसाला दिसतच नाही. मग जमाव म्हणजे काय, हे दाराशी ठरवणार कोण? तीनशे प्रेक्षकांचे चित्रपटगृह हा जमाव आहे काय? विवाह सभागृहातील पाहुणे खासगी निमंत्रित, की सार्वजनिक जमाव? अट परवान्याच्या कागदावर असते आणि कागद परवानाधारकाच्या कपाटात. सभागृहाच्या मालकाला ती ठाऊक नसते आणि दारावरच्या रखवालदाराला तर नसतेच नसते.

डिसेंबर २०१६ मध्ये भटिंडा जिल्ह्यातील मौड मंडी येथे लग्नसमारंभात झाडलेल्या गोळीने मंचावर नाचणाऱ्या तरुणीचा बळी घेतला. अशा घटनांची दखल घेत संसदेने डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. मूळ विधेयकात प्रत्येकाला एकच शस्त्र ठेवण्याची मर्यादा होती. विरोध झाल्यावर ती दोनवर आली. सभागृहांचे लक्ष संख्येच्या घासाघिशीत अडकले आणि शिक्षा गोळी सुटल्यानंतरची राहिली. पंजाब सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली, तीही प्रशासकीय आदेशाने. बंदूक दारातच थांबवण्याची जबाबदारी कोणाची, हे देशव्यापी कायद्याने अद्याप नीट सांगितलेले नाही.

गंमत अशी, की स्वतःच्या सभागृहापुरता हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी कधीच सोडवला आहे. संसद भवनात शस्त्र नेता येत नाही आणि त्यावर कोणा सदस्याने स्वसंरक्षणाच्या हक्काची हाकाटी केल्याचे दिसत नाही. संसदेतील सुरक्षेची खात्री सामान्य माणसाला नाट्यगृहात किंवा मांडवात का मिळू नये?

त्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे. चित्रपटगृहे, नाट्यगृहे, विवाह सभागृहे, मद्यविक्रीची ठिकाणे अशी स्थळे नावानिशी नमूद करून तेथे परवान्याचे शस्त्रही निषिद्ध ठरवावे. टेक्साससारखा ठरावीक मजकुराचा फलक राज्यभाषेत आणि हिंदीत प्रवेशद्वारी लावण्याचे बंधन वास्तूच्या परवान्याशी जोडावे. मात्र फलक लावण्यात कुचराई झाली म्हणून शस्त्रधारकाला पळवाट मिळू नये. मनाई कायद्याची आणि पाटी तिची केवळ आठवण, हा क्रम हवा. टेक्सासचा धडा घ्यायचा तो स्पष्टतेचा, ओझे कोणावर टाकायचे याचा नव्हे. मोठ्या वास्तूंत शस्त्र जमा करून पावती देण्याची सोय हवी आणि पुढाऱ्यांच्या खासगी अंगरक्षकांनाही तोच नियम हवा. नाहीतर पाटी दुबळ्यांपुरतीच उरेल.

अंमलबजावणीचा प्रश्न खरा आहे. आठ-दहा हजार रुपयांवर दारात उभा असलेला रखवालदार शस्त्रधारी पाहुण्याला अडवणार कशाच्या बळावर? आज त्याच्यामागे मालकाची मर्जी आहे आणि मालकाच्या मागे पुढच्या बुकिंगची चिंता. उद्या त्याच्यामागे सरकारी मजकुराची पाटी असेल, तर निदान ‘हा नियम माझा नाही’ एवढे तरी तो म्हणू शकेल. ढोल वाजवणारा, ताटे उचलणारा आणि मंचावर नाचणारी या तिघांच्याही जिवाचे मोल त्या एका वाक्यात आहे. ते उच्चारण्याचे बळ त्यांना देणे हे राज्यसंस्थेचे काम आहे.