मणक्यातली गाठ

इंदूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान बारा वर्षांपूर्वी गच्चीवरून पडले, मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत बसून घरचं दुकान सांभाळतात. अलीकडे मात्र त्यांना सरळ बसता येत नाही, एका अंगाला कलतात. वाकताना पाठीतून कटकट आवाज येतो. एम.आर.आय.मध्ये मणके झिजलेले आणि भोवती गाठ दिसली. ‘कॅन्सर असावा’ असं कुणीतरी बोलून गेलं आणि घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना.

ताई, रुग्णाला न पाहता मी निदान करणार नाही. पण जुनी इजा आणि तो आवाज, या दोन गोष्टींवरून एका दुर्मीळ विकाराची शंका येते. त्याला ‘शार्को स्पाइन’ म्हणतात. संवेदना हरवलेल्या सांध्यांची अशी नासाडी पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली वर्णन केली, त्यावरून हे नाव.

दुखणं आपल्याला नकोसं वाटतं, पण ते शरीराचं राखणदार आहे. पाठ अवघडली की आपण नकळत कूस बदलतो. तुमच्या यजमानांच्या कमरेला हा इशारा मिळतच नाही. वाकताना, खाटेवरून खुर्चीत सरकताना ताण त्याच जागी पडत राहतो. हाडाला बारीक तडे जातात, शरीर नवं हाड घालून ते सांधू पाहतं, तेही मोडतं. अशी वर्षं गेली की मणक्यांमधली चकती आणि मागचे सांधे भरडून निघतात. हा चुरा आणि भोवतीची सूज स्कॅनवर गाठीसारखी दिसते. (मधुमेहाने नसा बधिर झालेल्यांच्या पावलात हाच प्रकार होतो, तोही बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो.)

कॅन्सर बहुधा मणक्याचं हाड पोखरतो, चकती पुष्कळदा शाबूत राहते. पण चकती गेली म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्याकडे मणक्यांचा क्षय काही कमी नाही, आणि तोही चकती खातो. म्हणून नुसत्या फोटोवर निकाल लावू नये. सुईने त्या जागेचा तुकडा काढून कॅन्सर आणि जंतू, दोन्हींसाठी तपासावा. ही तपासणी टाळू नका. सुई लावली की गाठ पसरते, या भीतीने पुष्कळ घरांत वेळ वाया जातो.

डॉक्टरांना पडल्याचं साल, तो आवाज आणि बसण्यातला बदल आवर्जून सांगा. ताप किंवा पाठीला जखम असेल तर तेही. शार्को स्पाइन ठरलाच, तर सौम्य अवस्थेत पट्टा बांधून लक्ष ठेवतात. कणा डळमळीत झाला असेल तर सळ्या आणि स्क्रू घालून मणके जोडावे लागतात. शस्त्रक्रिया मोठी असते, आणि जोडलेल्या भागाच्या खालच्या सांध्याला पुढे हाच त्रास होऊ शकतो, त्यामुळे नंतरही तपासणी चालू ठेवावी लागते.

तोवर त्यांना खुर्चीत बसवताना दोघांनी उचला, कंबर पिळू देऊ नका. आणि सुईचा अहवाल आला की मला जरूर कळवा.