कोंबडीची जखम आणि कॅप्सूल

मुंगसाने फाडलेली कोंबडी दाखवून पडघ्यात मला विचारतात, ‘डॉक्टर, घरात उरलेली कॅप्सूल फोडून जखमेत भरू का?’ माझे स्पष्ट मत : भरू नये. औषधाचा अंश अंड्यातून मुलांच्या पोटात जातो. जंतूही पुढे औषधाला दाद देत नाहीत.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी. कोंबडी वेगळी ठेवावी, नाहीतर बाकीच्या तिला टोचून मारतात. जखम खोल असेल तर गुरांच्या दवाखान्यात न्यावी. नंतर साबणाने हात धुवावेत.

मात्र जखम नसताना कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर हात न लावता दवाखान्याला कळवावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात, वेहळोलीला बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरू नये.