सूर्याच्या वादळाची वाट

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत आभाळ भरून आलें म्हणजे पाऊस पडेलच, असें कोणी छातीठोकपणें सांगत नाहीं. मावळतीकडे ढग गर्जतात आणि पाऊस भलतीकडेच कोसळतो, हा येथील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. सूर्यावर उठणाऱ्या वादळांचीही तीच तऱ्हा आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तीं वादळें वाटेंत कोणीकडे वळतील, हें आधीं सांगण्याचें शास्त्र अद्याप बाल्यावस्थेंत आहे. तें चुकतें, म्हणून तें निरुपयोगी, असें म्हणणारे लोक भेटतात. त्यांचें हें मत मला मान्य नाहीं. कां, तें येथें थोडक्यांत सांगतों.

सूर्याच्या पृष्ठभागावर सांचलेली चुंबकीय शक्ति एकाएकीं मोकळी झाली म्हणजे सूर्याभोंवतालच्या प्रभामंडळांतून विद्युद्‌भारित वायूचा प्रचंड लोट बाहेर फेकला जातो. अशा एका लोटांत शंभर कोटी टनांच्या आसपास द्रव्य असूं शकतें. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचें सुमारें १५ कोटि किलोमीटरांचें अंतर तो बहुधा एक ते चार दिवसांत तोडतो. तो पृथ्वीवर आदळला म्हणजे चुंबकसूची थरथरूं लागते, बिनतारी संदेशांत व्यत्यय येतो, आणि विजेच्या लांबच लांब तारांतून नको तो प्रवाह वाहूं लागतो. १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळानें बंद पडली आणि सुमारें साठ लाख लोक कित्येक तास विजेवांचून राहिले.

या विषयाशीं महाराष्ट्राचा संबंध फार जुना आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत इ. स. १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात असत. सप्टेंबर १८५९ च्या आरंभीं जगाच्या माहितींतील एक सर्वांत मोठें सौर वादळ आलें, त्या वेळीं कुलाब्याची चुंबकसूची किती ढळली, हें तेथें नेमानें लिहून ठेवलें गेलें. जवळजवळ दीडशें वर्षांनंतर, २००३ सालीं, शास्त्रज्ञांनीं त्या वादळाचें बळ मोजलें तें याच नोंदींवरून. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यांमुळें नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस नेण्यांत आलें. तें तेथें अजून चालूं आहे.

आतां वादळ वळतें कां, तें पाहूं. आपली भीमा पंढरपुरास चंद्रकोरीसारखी वळली आहे, म्हणूनच तेथें तिला चंद्रभागा म्हणतात. पाणी आपल्या मनानें वळत नाहीं. जमीन वळविते तसें तें वळतें. सूर्यावरून निघालेल्या लोटाचेंही तसेंच आहे. जेथें चुंबकीय क्षेत्र प्रबळ, तेथून तो बाजूस ढकलला जातो. जेथें तें दुर्बळ, तिकडे तो झुकतो. वळण बहुतेक सूर्याच्या जवळपासच लागतें. पुढें सौर वाऱ्याशीं किंवा आधीं निघालेल्या दुसऱ्या लोटाशीं गांठ पडल्यास वाट आणखीही बदलूं शकते. यासाठीं वादळ सूर्याच्या कोणत्या भागावर उठलें एवढेंच पाहून भागत नाहीं. त्याच्या आजूबाजूच्या चुंबकीय प्रदेशाचे चढउतार मोजून पुढील वाट गणितानें काढावी लागते.

याचें एक ठळक उदाहरण आहे. ३१ डिसेंबर १९१३ रोजीं नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर ३१ डिसेंबर २०१३ रोजीं, रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वीजवाहिनी सुरू होऊन दक्षिण भारताचें वीजजाळें उरलेल्या देशाच्या जाळ्याशीं जोडलें गेलें. त्यानंतर आठवडाभरानें, ७ जानेवारी २०१४ रोजीं, सूर्यबिंबाच्या जवळजवळ मध्यावर, म्हणजे थेट पृथ्वीच्या समोर, एक वेगवान उद्रेक झाला. मोठें वादळ येणार, असा इशारा देण्यांत आला. परंतु शेजारच्या सौर डागांच्या प्रबळ क्षेत्रानें तो लोट सुमारें ३७ अंशांनीं बाजूस सारला. पृथ्वीस त्याचा नुसता ओझरता स्पर्श झाला; मंगळास मात्र तो लागला.

मग असे इशारे देऊन लोकांस उगाच कां घाबरवावें? ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीसारखेंच हें नव्हे काय? मुळींच नव्हे. त्या गोष्टींतील मुलगा जाणूनबुजून खोटें बोलला. येथें लांडगा खरोखरच निघाला होता, केवळ दुसऱ्या वाटेनें गेला. ती वाट त्यानें कां धरली, हें शोधतांना शास्त्रज्ञांस जें ज्ञान लाभलें, तें बरोबर ठरलेल्या दहा भाकितांनींही कदाचित्‌ लाभलें नसतें. पुढें मे २०२४ मध्यें मोठ्या वादळाचा इशारा आधीं मिळाला व तो खरा ठरला. लडाखांत हानले येथें आकाशांत तांबडी प्रभा दिसली. आपला प्रदेश विषुववृत्ताच्या जवळ असल्यानें येथील तारांस क्वेबेकइतकें भय नाहीं, हें खरें. पण एकाच जाळ्यांत बांधलेला देश व आकाशांतील उपग्रह यांची काळजी सर्वांनाच आहे.

भाकित सांगणारानें आपली शंकाही मोकळेपणानें सांगावी, आणि ऐकणारानें ‘होय कीं नाहीं’ एवढाच हट्ट धरूं नये, असें माझें मत आहे. पालकहो, मुलानें ‘ठाऊक नाहीं, पण मोजून पाहतों’ असें उत्तर दिलें तर त्यास रागें भरूं नका. विद्यार्थिमित्रहो, पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवरून ‘आदित्य-एल१’ हें भारतीय यान जानेवारी २०२४ पासून सूर्याकडे पाहत आहे. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकारानें तयार झाली आहे. तिनें धाडलेल्या चित्रांवरून वादळांच्या वाटा शोधावयास गणित जाणणारीं व नेटानें नोंदी ठेवणारीं माणसें पुष्कळ लागतील. तुमच्या प्रयोगवहींत आज चुकलेलें मापही खोडूं नका; तारीख घालून तें तसेंच राहूं द्या.