अब्रू कोणाची जाते?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले, त्यापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकाची जागा गमावली, आणि 1927 च्या जुलैपासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकहाती चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्यावरूनच अश्लील ठरत नाही, ही बाजू त्यांनी न्यायालयापुढे हिरिरीने मांडली. कर्व्यांना दंड झाला. ज्या शंकांपायी तो झाला त्या मात्र आजच्या मुलामुलींच्या मनांत तशाच, तितक्याच भयभीत अवस्थेत नांदत आहेत.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ रीतसर छापलेला असतो. परंतु कित्येक वर्गांत तो पाठ येताच गुरुजी ‘हा घरी वाचा’ म्हणून पुढचे पान उलटतात, मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि मुली माना खाली घालून बसतात. घरी तर या विषयाचे नावही काढण्याची मुभा नसते. मुलीला निदान पाळीच्या निमित्ताने काही नियम, बहुधा निषेधाचेच, ऐकविले जातात. मुलाला तेवढेही कोणी सांगत नाही, आणि झोपेत वीर्यस्खलन झाले की आपल्याला दुर्धर रोग जडला अशा समजुतीने तो पहाटे उठून चादर गुपचूप धुतो. पुढे मोबाईलच्या पडद्यावर स्त्रीची जी विटंबना त्याला दिसते, तिलाच तो शास्त्र मानू लागतो.

परंतु अज्ञानाहूनही घातक असे आणखी एक आहे. आपण मुलीची इभ्रत तिच्या देहाशी जखडून ठेवली, आणि तिच्यावर कोणी अत्याचार केला तर बेअब्रू तिची होते, करणाऱ्याची नव्हे, असा उफराटा न्याय पिढ्यान्‌पिढ्या रूढ केला. विश्वासाने पाठविलेले एखादे छायाचित्र ‘सगळ्यांना दाखवीन’ म्हणून जो तरुण धमकावतो, त्याचे सारे बळ त्या छायाचित्रात नसून, हे घरी कळले तर वडील शिक्षण बंद करतील, आई ‘तोंड काळे केलेस’ म्हणेल, या तिच्या खात्रीत आहे. ही खात्री तिला आपणच करून दिलेली असते. म्हणून आत्मसन्मानाचे शिक्षण म्हणजे शीलरक्षणाचा उपदेश नव्हे. माझ्या देहावर मुखत्यारी माझी, माझा नकार कारणाविना पुरेसा, आणि माझ्यावर झालेल्या अन्यायाची लाज मला नाही, एवढे निःशंकपणे म्हणता येणे हे ते शिक्षण होय. मुलग्यालाही याची गरज तितकीच आहे, कारण दुसऱ्याचा नकार अपमान न मानता स्वीकारता येणे हे आत्मसन्मानाखेरीज साधत नाही.

अशा ज्ञानाने मुले बिघडतील ही भीती जुनी आहे. तिच्याच दडपणाखाली 2007 साली महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखण्यात आला. त्या भीतीमागे अपत्यप्रेम असते हे मी नाकारीत नाही, पण अनुभवाचा तिला आधार नाही: युनेस्कोने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन, अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, असे नमूद केले आहे.

तेव्हा एखादी मुलगी, वा मुलगा, रात्री निजानीज झाल्यावर आईजवळ येऊन अडखळत काही सांगू लागला, तर ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न आईने गिळून टाकावा, ‘बरं झालं मला सांगितलंस’ एवढेच म्हणावे, आणि सगळे ऐकून घ्यावे. धमकीचे संदेश पुसू नयेत. तोच पुरावा असतो. 18 वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा आहे, 1098 या मुलांसाठीच्या मदत-क्रमांकावर मदत मागता येते, आणि ठाण्यात फिर्याद देताना वडिलांनी मुलीच्या शेजारी, मान वर करून बसावे.