जुन्या संगणकाचे झाकण

संगणक हे श्रीमंतांचे खेळणे आहे आणि खेड्यातील चळवळीला त्याच्याशी काही कर्तव्य नाही, ही समजूत पुरोगामी वर्तुळात दीर्घकाळ टिकून राहिली. तिला कारणेही होती. आयुर्विम्यातील आणि पुढे बँकांतील कर्मचाऱ्यांनी यंत्रीकरणाला जो विरोध केला तो यंत्राच्या द्वेषापोटी नव्हता. यंत्र आणणारा कोण आणि त्यापायी काम गमावणारा कोण, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. परंतु यंत्र समजून घेणारा कोण, हा त्याचा दुसरा भाग चळवळीने कधी नेटाने विचारला नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगडचा परिसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अरण्याचा मुलूख, आदिवासी वस्ती, उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळवलेल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली. म्हणजे हिशेबाची जबाबदारीही दिली. ७० पानांचे एक पुडके, १००० पुडक्यांची एक प्रमाणित गोणी, हे गणित पाने तोडणाऱ्या बाईला तोंडपाठ असते. तेच गणित पडद्यावर गेले की तिच्या हातून निसटते. आकडा कोणत्या रीतीने आला हे तिला विचारता येत नाही, आणि दिवसभर मोबाईल हाताळणाऱ्या तिच्या मुलालाही सांगता येत नाही. साक्षरतेच्या नावाखाली त्याला शिकवले जाते ते बोट कोठे ठेवावे एवढेच.

येथे १९८० च्या दशकातील घरगुती संगणकाची आठवण उपयोगी पडते. भारत सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ या नावाची योजना काढून देशातील २५० शाळांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक दिला. योजना वरून आली, शाळा मूठभर, भाषा इंग्रजी. चिचगडसारख्या गावांचा तिने विचार केला असेल असे मानण्यास जागा नाही. योजनेवर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. यंत्र मात्र टीकेस पात्र नव्हते. ३२ किलोबाइट स्मृतीचा तो संगणक आपले काहीही लपवीत नसे. चालू करताच दोन स्वर उमटत, पडद्यावर नाव आणि एक खूण येई, आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. पुढे काय करायचे ते वापरणाऱ्याने ठरवायचे.

असा एखादा संगणक आज हाती आला तर प्रथम मोह आवरावा आणि तो विजेला जोडू नये. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत मेन्सच्या बाजूला जे कागदी कपॅसिटर असतात, त्यांचे आवरण वयोमानाने तडकते, आत ओल शिरते, आणि वीज मिळताच त्यांतून दाट धूर निघतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा गावचा कारागीर ते थोडक्या पैशांत बदलून देऊ शकतो. हे काम जाणत्यानेच करावे, कारण बटण बंद केल्यावरही काही भागांत विद्युत्भार शिल्लक राहतो. मुलांनी मात्र शेजारी बसून पाहावे. पहिला धडा तेथेच सुरू होतो. ब्रिटनची वीज आणि येथील वीज ५० आवर्तनांचीच असल्याने त्या बाबतीत अडचण नाही, फक्त प्लग बदलावा लागतो. जुना टीव्ही असेल तर अँटेनाच्या तोंडात तार घालून यूएचएफची ३६ वी वाहिनी शोधावी. नव्या टीव्हीवर पिवळ्या तोंडात जाणारी तार चालते, पण संगणकाकडचे तोंड निराळे असल्याने मध्ये एक छोटा जोड लागतो. चित्र बहुधा कृष्णधवल येईल. त्याने काही बिघडत नाही.

वीज गेली की स्मृतीतले सारे पुसले जाते, आणि खेड्यात ती केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून साधा टेपरेकॉर्डर जोडावा आणि दर थोड्या वेळाने लिहिलेले कॅसेटवर उतरवून ठेवावे. आवाज फार चढा किंवा फार हळू ठेवला तर यंत्राला कॅसेट वाचता येत नाही. मधली जागा दोनचार प्रयत्नांनी सापडते.

मग बेसिक भाषेत पहिला कार्यक्रम लिहावा. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक द्यायचे, म्हणजे मागाहून सुचलेली ओळ मध्ये घालता येते. पहिली ओळ पुडकी किती हे विचारील, दुसरी गोणीचा दर, तिसरी १००० ने भागून दराने गुणील, चौथी मजुरी दाखवील. चार ओळींत हंगामाची मजुरी! आणि ओळ बदलली की आकडा कसा बदलतो, हे मुलगा आईला त्याच क्षणी दाखवू शकतो. हिशेबनिसाची गूढ विद्या ती हीच.

शहरांत जुने संगणक जमवण्याची एक चैन रुजली आहे, आणि तिच्यापायी किमतीही चढल्या आहेत. तिचे कौतुक येथे अभिप्रेत नाही. खरे यंत्र मिळालेच नाही तर त्याची हुबेहूब नक्कल करणारे कार्यक्रम आजच्या कोणत्याही टाकाऊ संगणकावर फुकट चालतात. २०१२ मध्ये केंब्रिजमधील मंडळींनी काढलेला ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त संगणक तर ‘बीबीसी मायक्रो’चेच ऋण मानतो. नकलेत डाग देण्याचे शिक्षण मिळत नाही एवढे खरे.

भाषेची अडचण उरते. त्या यंत्राला देवनागरी येत नाही. परंतु आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत नवे अक्षर कोरण्याची सोय त्यात आहे; आठ ओळींसाठी आठ आकडे द्यायचे. चौकटी आखलेल्या वहीवर ठिपके भरून चिचगडच्या ‘चि’साठी आकडे काढायला बसलेल्या मुलांना लवकरच कळेल की वेलांटीला जागा पुरत नाही आणि शेजारची चौकटही घ्यावी लागते.