लेखणी कोणाची, शब्द कोणाचे?

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्या ओव्या म्हणत गेल्या. सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी त्या उतरून घेतल्या. १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. सोपानदेव स्वतः कवी होते. तरी या कविता खरोखर बहिणाबाईंच्याच काय, असे कोणी वर्गात विचारले तर मराठीचा प्राध्यापक चवताळून उठेल. मग अंध विद्यार्थी लेखनिक घेऊन परीक्षागृहात आला की नेमका हाच संशय शहाणपणाचा कसा ठरतो?

केंद्र शासनाच्या २०१३ च्या सूचनांनी लेखनिकाला शिक्षणाची वा गुणांची अट नको म्हटले होते. २०१८ मध्ये, विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी कमी शिकलेला असावा, असे ठरले. अट वरकरणी न्याय्य आहे. पण धुळ्यात एम.ए.चा विद्यार्थी ‘लीळाचरित्रा’वरचे उत्तर सांगतो आहे आणि लिहून घेणारा वाणिज्य शाखेचा आहे, अशी कल्पना करावी. ‘दृष्टांतपाठ’, ‘स्मृतिस्थळ’ हे शब्द त्याने कधी ऐकलेलेही नसतात. अक्षर फोडून सांगावे लागते, विचाराचा धागा तुटतो, तासामागे मिळणारी वीस वाढीव मिनिटे त्यातच संपतात. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मात्र सांगणाऱ्याच्या खात्यावर. परीक्षक शेरा मारतो : मांडणी विस्कळीत.

शिवाय लेखनिक शोधायचा कोणी? विद्यार्थ्यानेच. आणि खालच्या वर्गातील मुलांच्या परीक्षा तर त्याच हंगामात!

या साऱ्याला आपण ‘सवलत’ म्हणतो, जणू गुणपत्रिकेवर केलेली मेहेरबानी. २०१६ चा कायदा तिला हक्क मानतो. विकास कुमार खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नसलेल्या, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराचाही लेखनिकावरील हक्क मान्य केला. हा निकाल आपल्या किती परीक्षा विभागांनी वाचला असेल, देव जाणे.

मराठी विभागांनी निदान आपल्या विषयापुरते तरी करावे : मराठी शुद्ध लिहिणाऱ्या लेखनिकांची यादी सत्रारंभीच तयार ठेवावी, परीक्षेआधी दोघांना दोनतीन वेळा एकत्र बसवावे, आणि अशा उत्तरपत्रिकेतील शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.